सितीकाकूंचा संथ नाच

सितीकाकू झेब्रा क्रॉसिंग ओलांडायला लागल्या की लंडनमधल्या हॅरोतले ड्रायव्हर हँडब्रेक ओढतात. एकदा तर एकानं इंजिनच बंद केलं. त्या इतक्या हळू चालतात, ते पाय दुखतात म्हणून नव्हे. अठ्ठ्याहत्तरीतही त्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर माझ्याआधी पोचतात. पण चारचौघांत चालायचं ते जमिनीला कळू न देता, असं त्यांचं ठाम मत.

काकू इंडोनेशियातल्या मकासरच्या. पाकारेना हा तिथला बायकांचा जुना नाच त्या आईकडून शिकल्या. लग्न केलं बोटीवरच्या साठे इंजिनियरशी, आणि मराठी शिकल्या ती फक्त नवऱ्याकडून. त्यामुळे अजूनही "मी आलो", "मी जेवलो" म्हणतात. साठेकाकांना जाऊन नऊ वर्षं झाली. इथेच जन्मलेल्या माझ्या मुलीनं एकदा त्यांना सुधारायला घेतलं, "काकू, 'मी आले' असा म्हणायचा."

"तुझे काका 'आलो'च म्हणायचे," काकू म्हणाल्या. विषय संपला.

दर मंगळवारी त्या कम्युनिटी हॉलमध्ये क्लास घेतात. मुली उत्साहानं येतात. पहिला महिना नुसतं उभं राहायचं आणि दुसरा महिना पंखा उघडायचा, हे कळलं की झुम्बाला जातात. यंदा एकही उरली नाही. काकू तरी सहाच्या ठोक्याला हॉल उघडतात.

म्हणून मीच एका समर मेळ्यात त्यांचं नाव दिलं. पाच मिनिटं मिळाली.

"पाच मिनिटं मी फक्त उभा राहतो," काकू म्हणाल्या. पण आल्या. झिरझिरीत लाल पोशाख, हातात पंखा. रेकॉर्डवरचे ढोल असे कडाडले की पुढच्या रांगेतलं बाळ रडायला लागलं. आणि त्या गदारोळात काकू इतक्या हळू वळल्या, की मला वाटलं, अजून सुरूच झालं नाही. पाच मिनिटं संपली. आयोजकानं एक हात हलवला, मग दोन्ही. पण या नाचात नजर उचलायचीच नसते, काकूंना दिसणार कुठून? चांगली चाळीस मिनिटं! लोक समोशांकडे गेले. शेवटी उरलो मी, आयोजक, आणि ते बाळ आपल्या आईच्या मांडीवर, गाढ झोपलेलं.

बसमध्ये मी वैतागून म्हटलं, "अहो काकू, थोडं आवरायचं ना! हॉल रिकामा झाला."

"माहीत होतं."

"मग थांबला का नाहीत?"

काकूंनी मांडीवरचा पंखा मिटला. "आम्ही सात जणी नाचायचो. नजर खाली असली की बाकीच्या सहा जणी बाजूला आहेत असं वाटतं. वर बघितलं की मी एकटा. म्हणून लांबवत राहिलो."

पुढच्या मंगळवारी सहाला मी हॉलवर गेले. वय बावन्न, गुडघ्याला पट्टा. काकूंनी एक पंखा हातात दिला. मी गुपचूप त्यांच्यामागे उभी राहिले. दहा मिनिटं झाली असतील.

"मागे नको," त्या खालीच बघत म्हणाल्या. "इकडे, डावीकडे ये. तिथे माझी धाकटी बहीण असायची."