खुणेपर्यंतच तेल

"गिअरबॉक्समध्ये दुसरं काहीही ओतायचं नाही," प्रमोदिनीने सकाळच्या चहालाच जाहीर केलं. "पुस्तकात लिहिलंय तेच तेल, आणि खुणेपर्यंतच. विषय संपला."

विषय अर्थातच संपला नाही. दिल्लीतल्या तिमारपूरच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये कुठलाही विषय इतक्या लवकर संपत नसे. तिचे यजमान श्रीरंग केंद्र सरकारात अवर सचिव होते आणि चार जणांचे अभिप्राय आल्याशिवाय घेतलेल्या निर्णयाला निर्णय म्हणायची त्यांना सवय नव्हती. मुलगा अनुराग नोएडात सॉफ्टवेअरमध्ये होता, त्यामुळे मोबाइलवर व्हिडिओ सापडेल त्या प्रत्येक विषयात तो तज्ज्ञ होता. दोघांचं एकमत फक्त एकाच गोष्टीवर होतं, की प्रमोदिनीने शाळेतली नोकरी सोडून मिसळीची ट्रॉली काढणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

ट्रॉली ओढायला प्रमोदिनीने एक जुना ऑटोमॅटिक पिकअप घेतला होता. मागे ट्रॉली जोडली आणि चढ आला की तो मलेरिया झाल्यासारखा थरथरायचा. इकडे कोपर्निकस मार्गावरच्या अतिथिगृहाचे व्यवस्थापक विश्वनाथराव शनिवारी दुपारी बारा वाजता तिच्या मिसळीची चव बघणार होते. आवडली तर आवारात रोजची जागा, नाहीतर ती जागा एका छोले-कुलचेवाल्याला. तेव्हा तेल बदलणं भाग होतं.

तेल आणायला तिघंही करोल बागेत गेले. दुकानदाराने काउंटरवर बाटल्यांची रांगच लावली.

"मॅडम, ट्रॉली खींचती है ना? तो तेल के साथ ये वाली बोतल डालो. गिअर एकदम मक्खन!"

"किताब में लिखा है?" प्रमोदिनीने विचारलं.

"किताब तो जापान में बैठके लिखी है, मॅडम. ट्रॉली आप दिल्ली में खींच रही हैं."

"बघ, मुद्दा आहे त्याच्यात," श्रीरंग म्हणाले. "अगं, माणसालाही जड जेवणावर चूर्ण लागतं."

"आई यार, अँटी-शडर तरी घे," अनुराग म्हणाला. "थरथर बिल्कुल बंद होते. रिव्ह्यू बघ."

प्रमोदिनीने पुस्तकातलं तेल घेतलं, तेल भरायचा एक हातपंप घेतला आणि दोघांना बाटल्यांपासून ओढत मेट्रोकडे नेलं. मग मेकॅनिकच्या डोक्यावर उभं राहून तिने तेल बदलून घेतलं, तेल मोजायची पट्टी स्वतः बाहेर काढली, पुसली, पुन्हा बुडवली आणि तेल खुणेला टेकल्याचं बघूनच पैसे दिले. शुक्रवारी संध्याकाळी श्रीरंग दूध आणायला खाली गेले आणि दूध न घेताच वर आले. थोड्या वेळाने अनुराग फोनला रेंज नाही म्हणून खाली गेला. वाटाणे भिजवण्याच्या गडबडीत प्रमोदिनीचं तिकडे लक्ष गेलं नाही.

शनिवारी तिघंही गाडीतून निघाले. रिंग रोडवर जाम होता म्हणून तिने गाडी रिजच्या टेकडीवरून घेतली. हिंदूरावच्या चढावर इंजिन जोरात गरजलं आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. ॲक्सिलरेटर दाबावा तसा आवाज वाढे, गाडी मात्र तसूभर पुढे सरकेना. खालून जळका वास आला, धूर आला. मागचे हॉर्न काय म्हणत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

प्रमोदिनीने बॉनेट उघडून पट्टी काढली. तेल खुणेच्या कितीतरी वर चढलं होतं आणि त्याला साबणासारखा फेस आला होता; फेसात गिअर पकड घेणार कुठून?

"मी खुणेपर्यंत भरलं होतं," ती सावकाश म्हणाली.

श्रीरंग खोकले. "मी थोडंसं... ते जड वजनासाठीचं असतं ना, ते."

"थोडंसं म्हणजे?"

"बाटली. अर्धी ठेवून तिचं काय करणार?"

"पप्पा, तुम्ही पण?" अनुराग ओरडला आणि आपण काय बोललो ते कळून त्याने जीभ चावली.

"पण म्हणजे?" प्रमोदिनीने त्याच्याकडे वळून विचारलं.

"अँटी-शडर. ऑनलाइन मागवलं होतं. दोन बाटल्यांचा पॅक होता, आई."

"अरे, पण तुम्ही दोघं तर याला वेडेपणा म्हणत होतात!"

"तो आहेच," श्रीरंग म्हणाले. "पण तू चढावर एकटी अडकली असतीस तर? मला रात्रभर झोप नव्हती."

प्रमोदिनीला भरून आलं. इतक्या वर्षांत या माणसाने तिच्यासाठी अभिप्राय न मागवता घेतलेला हा पहिलाच निर्णय होता. तिने पदराने डोळे पुसले आणि मग त्या दोघांना असं झापलं की मागचे हॉर्नसुद्धा ऐकत राहिले.

गाडी जरा निवल्यावर तिने पंपाची नळी पट्टीच्या भोकात सोडली आणि जास्तीचं तेल उपसायला घेतलं. तेल रस्त्यावर ओतायला ती तयार नव्हती, मागून येणारी स्कूटर घसरली असती. म्हणून ट्रॉलीतलं एक जादा पातेलं तिने खाली लावलं. तेल खुणेला टेकल्यावर गाडी कुरकुरत का होईना, पण चढली.

"राहिलेलं तेल उद्या सगळं बदलायचं," ती म्हणाली. "आज कोपर्निकस मार्ग."

पोहोचले तेव्हा बारा वाजतच आले होते. विश्वनाथराव आवारात घड्याळ बघत उभे होते. अनुरागने घाईघाईने ट्रॉलीची खिडकी उघडली, आणि पायात येतं म्हणून ते पातेलं उचलून समोरच्या फळीवर ठेवलं. उन्हात तेल लालभडक चमकलं.

"वा!" विश्वनाथराव मूळचे नागपूरचे, दिल्लीच्या राजम्याने गांजलेले. "काय तर्री आहे! ती वाढा, वहिनी."

"ती नाही, साहेब. ही घ्या, या मोठ्या पातेल्यातली."

"का? ती कोणासाठी?"

"ती खायची नाहीये."

"कळलं. सेक्रेटरी साहेबांसाठी ठेवलीय. आयुष्य गेलं आमचं, चांगलं ते नेहमी वरच्यांना."

"तसं काही नाही हो," श्रीरंग म्हणाले. सरकारी माणसाने हे ज्या सुरात म्हटलं की तसंच असतं, नेमक्या त्याच सुरात.

विश्वनाथरावांचा चेहरा उतरला. जागा हातची जाताना प्रमोदिनीला स्पष्ट दिसली.

"ते गिअरबॉक्सचं तेल आहे," ती ठासून म्हणाली. "या दोघांनी माझ्या काळजीने जास्त ओतलं, मी उपसलं. विश्वास नसेल तर वास घ्या."

विश्वनाथराव वाकले, वास घेतला आणि झटकन मागे सरले. मग त्यांनी मोठ्या पातेल्यातली मिसळ घेतली. पहिल्या घासाला त्यांचे कान लाल झाले, दुसऱ्याला कपाळावर घाम आला, तिसऱ्याला त्यांनी फळीचा आधार घेतला.

"वहिनी, खरं सांगा," ते नाक पुसत म्हणाले, "पातेल्यांची अदलाबदल तर नाही ना झाली?"

"नाही."

"मग अजून वाढा. आणि सोमवारपासून गाडी इथेच लावा, त्या कडुलिंबाखाली. फक्त ते पातेलं तेवढं हलवा."

श्रीरंग आणि अनुराग दोघेही लगबगीने पुढे झाले.

"हात लावायचा नाही," प्रमोदिनी म्हणाली आणि पातेलं तिने स्वतः उचललं.