अकरावा नकाशा

तपासनीसांनी आठवा नकाशाही नामंजूर केला, तेव्हा बायकोने कप जरा जोरातच आपटला. नकाशा त्यांचाच, नामंजूर करणारेही तेच. तीस वर्षं लोकांच्या घरांच्या नकाशांवर लाल पेन्सिलीने शेरे मारलेले. निवृत्तीनंतर कुणी नकाशे आणून देईना, म्हणून स्वतःचेच काढायचे आणि स्वतःच नाकारायचे.

शहराबाहेर चाळीस पावलं लांबीचा, वीस पावलं रुंदीचा जमिनीचा एक तुकडा त्यांनी घेतला होता. तिथे घर बांधून सगळं पिकवायचं, बाजाराचं तोंड बघायचं नाही, असा बेत. बायकोला त्या बेताचं सोयरसुतक नव्हतं. तिचे गुडघे गेले होते, घर तिसऱ्या मजल्यावर, आणि आठ महिन्यांत तिचा पाय जमिनीला लागला नव्हता. तिला फक्त खाली राहायचं होतं.

"आता काय चुकलं?" तिने विचारलं.

"अगं, भाजीला खत हवं, म्हणून शेळी आली. शेळी भाजी खाणार, म्हणून कुंपण आलं. शेळीला चारा, चाऱ्याला पाणी, म्हणून टाकी. टाकीची सावली वांग्यांवर पडते."

"मग टाकी हलवा."

"हलवली. ती स्वयंपाकघरात आली."

नवव्या नकाशात स्वयंपाकघर गेलं. दहाव्यात कोंबड्यांनी बसायची खोली घेतली. अकराव्यात शेरा मारायला कुठे बोट ठेवायला जागा मिळेना. तपासनीसांनी तासभर शोधलं, मग उदास चेहऱ्याने 'मंजूर' लिहून सही ठोकली. गवंड्याने त्याबरहुकूम महिन्याभरात खोली उभी केली.

बायकोने नकाशा तेव्हा कुठे नीट पाहिला. "अहो, यात कॉट एकच आहे."

तपासनीसांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. एकच होती.

"दुसरी काढा की."

"मंजूर नकाशात बदल होत नाही," ते खालच्या आवाजात म्हणाले. हे वाक्य त्यांनी हजारदा लोकांना ऐकवलं होतं, पण इतकं कडू कधीच लागलं नव्हतं.

"बरं. मग मी जाते."

ती खरोखरच गेली. दोन हमालांनी तिला खुर्चीसकट खाली नेलं. तपासनीस वर एकटे राहिले. घर खायला उठलं. रोज दुपारी ते बाजारातून भाजी, दूध, अंडी घेत आणि बसने त्या स्वयंपूर्ण जमिनीवर पोचवत. तिथे अजून गवताशिवाय काही उगवलं नव्हतं; शेळी आणि कोंबड्याही नकाशातच होत्या. बायको दारात, पाय मातीवर टेकवून बसलेली असे. बरीच तरतरीत दिसत असे. त्याचंही त्यांना वाईट वाटे.

पंधराव्या दिवशी ते टेम्पोत आपली कॉट घालून आले.

"बसणार का आत?" तिने विचारलं.

त्यांनी टेप काढली. भिंतीपासून तिच्या कॉटपर्यंत मोजलं, मग आडवं, मग तिरकं. कुठूनही मोजलं तरी दोन वीत कमी. तिसऱ्या मजल्यावरचं रिकामं घर त्यांच्या डोळ्यांपुढे आलं.

"बसते," ते म्हणाले.

"नीट मोजलंत ना?"

"नीट मोजलं."

बायकोने टेपकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि खुर्ची बाजूला सरकवली.

कॉट बसली. दार मात्र त्या दिवसापासून लागत नाही.