फेसच्या चौकातलं धृपद

"अरबीचं काय घिऊन बसलाय शेठ! कीर्तनं ऐकून ऐकून आख्यानंच्या आख्यानं पाठ हायती माजी. अरबी न्हाई आली, तर नावाचा बाळासो न्हाई!"

सांगलीत विश्रामबागेतल्या ऑफिसात बाळासोनं टेबलावर थाप मारून हे सांगितलं, आणि जवाहरशेठ हळदवाल्यांनी ते खरं मानलं. शेठना मोरोक्कोत हळद विकायची होती आणि तिथं बोलायला घरचा माणूस पाहिजे होता.

"जा. पण प्रमाणपत्र घेऊनच ये," शेठ म्हणाले. "नाहीतर आहेच आपली वखार आणि पोत्यांची थप्पी!"

अशा रीतीनं बाळासो अरबी शिकायला मोरोक्कोतल्या फेस नावाच्या पुरातन शहरात जाऊन पोचला. तिथले बोळ असे अरुंद, की समोरून लादलेलं खेचर आलं की माणसानं भिंतीवरची पाल व्हावं! वर्गात शिकवायचे ती ग्रंथातली अरबी. रस्त्यावर चालायची ती निराळीच. म्हणजे ओव्या पाठ करून बाजारात वांग्याचा भाव करायला जावं, तशी गत.

अरबी शिकवणाऱ्या जैनबबाईंनी शेवटची परीक्षा वर्गाबाहेर घेतली. प्रत्येकानं वाटाड्या व्हायचं आणि सगळ्यांना एकेक ठिकाण अरबीत बोलत दाखवायचं. बाळासोच्या वाट्याला आले चामडं रंगवायचे जुने हौद. हौदांकडं निघताना जुन्या शहराच्या निळ्या वेशीपाशी त्यानं छाती फुगवली आणि ग्रंथातल्या अरबीत गर्जना केली, "हे मित्रहो! या प्राचीन द्वाराचे अवलोकन करा!"

पाव विकणारी बाई हातातला पाव तसाच धरून बघत राहिली.

पुढं चौकात माणसांचं कडं जमलं होतं. मधोमध पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा डफ वाजवत गोष्ट सांगत होता. बाळासोचे पाय तिथंच रुतले. शब्द एक कळेना, पण तो आवाज खाली उतरणं, तो वर गेलेला हात, ते मिटलेले डोळे! पाणी आलं हो त्याच्या डोळ्यांत.

"हे तर आपलं बुवाच की!" तो मराठीत पुटपुटला.

एवढ्यात म्हातारा बोलता बोलता थांबला. घाम पुसला, डफ उताणा करून जमिनीवर ठेवला आणि गप्प उभा राहिला. आता आपल्याकडं बुवा दमले, की मागच्या टाळकऱ्यांनी धृपद उचलायचं आणि बुवांना दम खाऊ द्यायचा, ही रीतच आहे. गावी बाळासो नेहमी पहिल्या ओळीतला टाळकरी. बुवा उघडे पडलेले त्याला कसे बघवतील? तो कडं फोडून आत शिरला, म्हाताऱ्याच्या मागं उभा राहिला आणि पहाडी आवाजात सुरू झाला, "विठ्ठल विठ्ठल विठ्ठला!"

कडं आधी दचकलं, मग खुललं. माणसं ठेक्यावर टाळ्या पिटू लागली. खिशाकडं निघालेले हात खिशात न जाता टाळीला आले! बाळासो डोळे मिटून नाचत होता. डोळे उघडले तेव्हा समोर म्हातारा लालबुंद होऊन ओरडत होता आणि डफ रिकामा होता.

जैनबबाई धावत आल्या. "अहो, काय केलंत हे! राजपुत्राच्या मानेवर तलवार आली, तिथं ते मुद्दाम थांबले होते. लोक डफात नाणी टाकतात, मग ते पुढचं सांगतात. तुम्ही लोकांना राजपुत्र विसरायला लावलात!"

"आई गं!" बाळासोनं म्हाताऱ्याचे पायच धरले. म्हातारा आणखी भडकला.

"ते म्हणतात, मोडलंत तुम्ही, आता जमवा तुम्हीच. गोष्ट सांगा," बाई म्हणाल्या. "हौद राहू देत. यांचा राग घालवलात तर पास. नाहीतर प्रमाणपत्र नाही."

बाळासोला डोळ्यांपुढं पोती दिसली. त्यानं मनातल्या मनात माउलीला हात जोडले आणि ऐकलेला एक दृष्टांत अरबीत सुरू केला.

"हे सज्जनहो! एक कृपण मनुष्य होता!"

लोक खो खो हसले. पण आवाज कसा चढवायचा, कुठं उतरायचं, हे बाळासोच्या अंगातच होतं. हसू विरलं. "त्याच्या गृही तस्कर आले... हळूच द्वार उघडले... आत पाहतात तो काय... आत..."

आणि बाळासो अडकला. आत होती म्हैस! म्हशीला अरबीत काय म्हणतात? हे शिकवलंच नव्हतं!

"आत..." तो पुन्हा म्हणाला. कपाळावरचा घाम टपटपला. लोक पुढं झुकले. म्हातारा एकदम उजळला, त्यानं चपळाईनं डफ उचलला आणि कड्यातल्या लोकांपुढून फिरवला. खण्‌! खण्‌! खण्‌!

"आत काय होतं? सांग की!" लोक ओरडू लागले.

"काळी, मोठी... तिला शिंगं!" बाळासो कळवळून म्हणाला. मागच्या रांगेतली दोन पोरं भिऊन आईला बिलगली. डफात आणखी नाणी पडली. म्हाताऱ्यानं बाळासोला मिठीच मारली!

प्रमाणपत्र मिळालं. संध्याकाळी बाळासोनं शेठना फोन लावला.

"शाब्बास!" शेठ खूश झाले. "आता सांग, बाजार फिरलास ना? आपल्या हळदीची चौकशी कुणी केली का?"

"हळदीची अजून न्हाई, शेठ," बाळासो दबक्या आवाजात म्हणाला. "पण म्हशीचं लय जण इचारायल्यात."