आतला आवाज आणि पायातले बूट

आधीच सांगून ठेवतो, माझा आतला आवाज जागा झालेला आहे! हसू नका. रोज सकाळी योगवर्गात जाऊन अंगाची घडी घालायची आणि उलगडायची, म्हणजे माणसाला एवढं तरी मिळायलाच हवं.

आमचे योगाचे सर सांगतात, "डोळे फसवतात, आतला आवाज फसवत नाही." त्याचा सराव म्हणून शवासनातून उठलं की डोळे मिटूनच दारापर्यंत चाचपडत जायचं आणि रॅकवरचे आपापले बूट आतल्या आवाजानं ओळखून घालायचे. बाकीची मंडळी पापणीच्या फटीतून बघतात, मला ठाऊक आहे. मी मात्र प्रामाणिक. हात घातला की माझेच बूट!

त्या दिवशीही तसेच घातले. काळे, नाड्यांचे, दिसायला नेहमीसारखेच. फक्त बोटं जरा आवळली. शिवाय माझा डावा बूट चालताना 'कुईं' करतो, तोही गप्प होता. मी म्हटलं, वा! चाल हलकी झाली!

घरी पोचेपर्यंत मी लंगडत होतो.

"अहो, काय झालं?" बायकोनं दारातच विचारलं.

"काही नाही. बूट थोडे लहान झालेत."

"बूट कसे लहान होतील? पाय सुजले असणार! आमच्या मामांचे असेच सुजले होते."

"मग?"

"मग काय, मामा गेले की!"

मला दरदरून घाम फुटला. त्याच दिवशी माझी मुलाखत होती. आमची कंपनी नळ बनवते आणि मी गोदामात असतो. डिस्पॅचच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली होती. योग्य माल योग्य माणसाकडे पाठवायचा, एवढंच काम. किती वर्षं त्या खुर्चीकडे डोळे लावून बसलो होतो! आणि आता खुर्ची मिळायच्या आधीच मी मामांच्या वाटेला लागतो की काय?

"मामा किती दिवस होते?" मी हळूच विचारलं.

"अहो, गेले म्हणजे गावी गेले. मुलाखतीला निघा!"

ऑफिसच्या बाकावर माझा प्रतिस्पर्धी आधीच येऊन बसला होता. त्याला सगळे डबलचेक म्हणतात. कुलूप लावल्यावर ओढून बघतो, ओढून झालं की दुसऱ्याला ओढायला सांगतो. असा संशयी माणूस माझ्यापुढे काय टिकणार! मी डोळे मिटले आणि आत कान लावला. आतून फक्त अंगठ्याचा ठणका ऐकू आला.

मुख्य कचेरीतून बदलून आलेले नवे साहेब मुलाखत घेणार होते. त्यांना अजून आमच्यापैकी कुणी पाहिलंही नव्हतं. डबलचेक जाऊन आला, मग मला बोलावलं. खोलीत साहेब नव्हते. मी खुर्चीत बसलो. इतक्यात मागून आवाज आला.

कुईं. फटक्. कुईं. फटक्.

हा 'कुईं' मी हजार आवाजांत ओळखीन! तो माझा डावा बूट होता. आणि तो पायात घालून, प्रत्येक पावलाला टाच निसटत असलेले साहेब समोर येऊन बसले. मी झटकन पाय खुर्चीखाली घेतले.

"तुमच्या अर्जात योगाची आवड लिहिली आहे," साहेब खूश होऊन म्हणाले. "कुठे जाता?"

मी तोंडातल्या तोंडात वर्गाचं नाव सांगितलं.

"अरे वा! मीही याच आठवड्यात तिथेच सुरू केलंय. कधी दिसला नाहीत?"

"साहेब, माझे डोळे मिटलेले असतात."

"उत्तम! असा मनुष्य हवा. बरं, मला सांगा, तुमच्या हातून कधी चुकीचा माल गेला आहे?"

"कधीच नाही!" मी म्हणालो. त्याच क्षणी साहेबांनी पाय हलवला. कुईं!

माझे कान तापले. जागा दोन बोटांवर आली होती. गप्प बसलो असतो तर मिळालीही असती. उद्या सकाळी लवकर जाऊन गुपचूप अदलाबदल केली असती, की झालं!

पण साहेबांचा चेहरा एकाएकी पडला. "जरा लवकर आटपू. मला डॉक्टरांकडे जायचंय."

"का साहेब? काय झालं?"

त्यांनी आवाज खाली आणला. "कुणाला सांगू नका. सकाळपासून माझे पाय आटायला लागलेत. बूट बघा, कसे ढगळ झालेत! योगानं वजन उतरतं हे ऐकलं होतं, पण सुरुवात पायांपासून? आमची ही सकाळपासून रडतेय. तिच्या कुठल्याशा आत्यालाही असंच झालं होतं म्हणे."

मला त्या माणसाची फार दया आली. आपल्यासारखाच घाबरलेला, आपल्यासारखीच बायको! आतून आवाज आला, 'सांगून टाक.' इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो स्पष्ट ऐकू आला, तोही नेमका नको त्या वेळी.

"साहेब, तुमचे पाय ठीक आहेत," मी म्हणालो आणि खुर्चीखालून पाय पुढे केले. "हे तुमचे बूट. तुमच्या पायात आहेत ते माझे."

साहेबांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. मीही वाकलो. तिथेच, वाकल्या वाकल्या, आम्ही बूट बदलले. साहेबांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागद हलले. उभे राहून दोन पावलं चालले, हसले, मला मिठीच मारायचे बाकी होते. माझी आशा पुन्हा डोकं वर काढू लागली.

मग ते गंभीर झाले. "पण चुकीचा माल उचललात तुम्ही."

"साहेब, तुम्हीही उचललात की!" तोंडातून निघून गेलं.

"म्हणूनच मी डिस्पॅचमध्ये नाही," साहेब म्हणाले.

जागा डबलचेकला मिळाली. नेमणुकीचं पत्र त्यानं दोनदा वाचलं आणि मग मलाही वाचायला लावलं. मला परत आलेल्या मालाच्या विभागात बसवलं आहे. साहेबांचं म्हणणं, चुकीचा माल दिवसभर गळ्यात, म्हणजे पायात, घेऊन फिरणाऱ्या गिऱ्हाइकाचं दुःख तुमच्याइतकं कुणाला कळणार?

घरी येऊन मी सगळं सांगितलं. बायकोनं बूट घेतले, काळ्या नाड्या काढल्या आणि पिवळ्याधमक नाड्या ओवल्या.

"आता आतला आवाज झोपला तरी चालेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी निर्धास्त मनानं योगवर्गात गेलो. बूट काढले, रॅकवर ठेवायला वाकलो आणि तसाच वाकलेला राहिलो. रॅकवर आधीच एक काळा जोड होता. पिवळ्याधमक नाड्यांचा.

साहेबांच्या घरीही बायको आहे, हे मी विसरलोच होतो!