याद्या पिठाच्या गिरणीत

शनिपेठेत रस्त्याच्या पूर्वेला जपानची सरंजामशाही चालते आणि पश्चिमेला मध्ययुगीन युरोपची. मधली पिठाची गिरणी तेवढी कुणाच्याच अमलाखाली येत नाही. त्यामुळे अनघाच्या लग्नाच्या याद्या करायला दोन्ही घरं गिरणीतच बसली.

पूर्वेकडचे वसंतराव रेणावीकर, म्हणजे मुलीचे वडील, दोन तलवारी मांडीशी ठेवून ताठ बसले होते. समोर मुलाचे वडील भालचंद्र दप्तरदार चिलखतात होते. उकडत होतं, पण सोयरिकीला साध्या शर्टात कोण येतं? वसंतरावांच्या पत्नी कुमुदताई पोहे देऊन मागच्या खुर्चीवर टेकल्या. मुलगा त्यांना मनापासून आवडला होता. हे लग्न मोडू नये म्हणून त्यांनी अकरा गुरुवार धरले होते.

दप्तरदारांनी शिरस्त्राणाची जाळी वर करून कागद वाचला. "सून सासूबाईंच्या हातात हात देऊन शपथ घेईल. वर्षाला चाळीस दिवस सेवा. बदल्यात सासरकडून संरक्षण, न्याय आणि एक खोली तिच्या नावावर. सासरने शब्द मोडला, तर सून शपथ परत घेऊ शकते."

"निष्ठा काय दिवसांवर मोजायची?" वसंतराव म्हणाले. "आमच्याकडे ती मरेपर्यंत असते. धनी तांदूळ देतात, आम्ही जीव देतो. कागद लागत नाही."

"आमच्याकडे चाळीस दिवस झाले की लोक घरी जातात."

"मग हे लग्न होणार नाही," वसंतराव तलवारी उचलत म्हणाले.

अनघाचा चेहरा उतरला. ते पाहून कुमुदताईंनी हात पुढे केला.

"कागद बघू," त्या म्हणाल्या. त्यांनी तो दोनदा वाचला. "तुमच्या बाजूला येऊन बसलं, तर मागची सेवा धरतात का?"

दप्तरदारांनी नियमावली चाळली. "धरतात."

कुमुदताईंनी आपली खुर्ची उचलून पश्चिमेच्या रांगेत नेऊन ठेवली. "सव्वीस वर्षं. एकही सुटी नाही. माहेरी गेले तरी यांचं जेवण करून ठेवून गेले, ते दिवससुद्धा धरा."

दप्तरदारांनी जात्याच्या पेटीवर साचलेल्या पिठात बोटाने आकडेमोड केली. "विहीणबाई, तुमची पुढली दोनशे अकरा वर्षांची सेवा आगाऊच झालेली आहे."

"म्हणजे मी मोकळी. मुलीकडून माझी सही चालेल?"

"मोकळ्या माणसाची चालते."

कुमुदताईंनी सही केली. अनघाने आईला घट्ट मिठी मारली. त्यांना इतका आनंद झाला होता की पेन हातातच राहिलं.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "चहा राहिलाय."

वसंतराव विचारात पडले. पूर्वेच्या नियमात हुकूम का दिला हे विचारत नाहीत, देणाऱ्याची ज्येष्ठता पाहतात, आणि इथे ती दोनशे अकरा वर्षांची होती. ते उठले, कमरेत वाकून नमस्कार केला, तलवारी खोचल्या आणि घरी गेले.

अर्ध्या तासाने ते ट्रे घेऊन परत आले. कुमुदताईंनी घोट घेतला. चहा पाणचट होता. त्यांनी तसं सांगितलं. पश्चिमेला तेवढी मुभा आहे.