गिरीजचा हेर

आमच्या गिरीज गावातला माझा शेजारी इनास घरातून कधी सरळ बाहेर पडत नाही. आधी दार बोटभर उघडतो, डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, मग काळा चष्मा चढवून भिंतीला चिकटत निघतो. कुठे? वाडीत, केळीला पाणी द्यायला. वय अठ्ठ्याहत्तर.

हे वेड जुन्या हेरांच्या विनोदी सिनेमांचं. तरुणपणी वसईत लागलेला असा एकही सिनेमा यानं आणि याच्या बायकोनं, रेजिननं, सोडला नाही. त्यातला हेर बदमाशांच्या अड्ड्यात शिरतो आणि बंदूक काढायची सोडून नाचायलाच लागतो. मी एकदा म्हटलं, "अरे, ते मारायला टपलेत आणि हा गातोय?"

"फिलूबाय, गाणं चालू असताना गोळी घालत नाहीत. तेवढी रीत बदमाशही पाळतात."

भाजी मागायला गेलं तरी आधी परवलीचा शब्द विचारतो. मी म्हणते, "मेल्या, वांगी दे."

"बरोबर," म्हणतो आणि देतो.

यंदा रेजिनला अर्धांगवायू झाला. बोलणं गेलं. खायला घालायला गेलं की तोंडच उघडेना. मुलगी परदेशात. डॉक्टर म्हणाले, आठवडाभरात खाल्लं नाही तर नाकातून नळी.

चौथ्या दिवशी दुपारी मी पेज घेऊन गेले. आत बघितलं आणि दारातच थबकले. इनासच्या अंगात काळा कोट, डोक्यावर हॅट आणि कमरेला रेजिनचं लाल लुगडं! एका गिरकीत हेर, दुसऱ्या गिरकीत अड्ड्यावरची नाचणारी. भसाड्या आवाजात गात होता आणि ढुंगण हलवत होता. तेही घरच्या आल्तारासमोर, येशूच्या मूर्तीपुढे! एवढ्या वयात मी असलं काही पाहिलं नव्हतं.

"लाज सोडलीस काय रे? बायको मरायला टेकलीय आणि तू नाचतोस?"

तो थांबला नाही. धापा टाकत म्हणाला, "ओरडू नको. चमचा भरून तिच्याजवळ बस. हसली की तोंड उघडतं. पटकन घाल."

मी बसले. त्यानं पदर दातात धरून डोळा मारला. रेजिनचा वाकडा ओठ हलला, मग तोंड उघडलं. मी पेज घातली. तिनं गिळली.

वाटी संपायला पाच गाणी लागली. मग तो लुगड्यासकट जमिनीवर बसला.

"तू जेवलास?"

त्यानं बोटांवर मोजलं. "परवा, बहुतेक."

मी उठले. घरी गेले आणि पेजेचं पातेलंच उचलून आणलं.