नग एक, स्थिती उत्तम

नव्या ग्रंथालयाचं मॉडेल टेबलावर आलं, तेव्हा ग्रंथपालांच्या निवृत्तीला बत्तीस दिवस उरले होते. भर बाजारपेठेतल्या एका इमारतीच्या तळघरात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. तिथे एकही खिडकी नव्हती. बाहेर पाऊस पडतोय की नाही, हे वाचकांच्या चपलांवरून कळायचं. वरच्या मजल्यावरचा नळ नेमका इतिहासाच्या कपाटावर गळायचा, त्यामुळे इतिहासाची पानं एकमेकांना चिकटली होती. त्याबद्दल आजवर एकाही वाचकाची तक्रार आली नव्हती.

मॉडेल पुठ्ठ्याचं, चार मजली होतं. ग्रंथपालांनी चष्मा पुसला आणि खिडक्या मोजल्या. चौसष्ट भरल्या. मग खात्रीसाठी पुन्हा मोजल्या.

"गुरुवारी पालिकेच्या सभेत मंजुरी मिळाली, की पंधरा दिवसांत खोदकाम सुरू," आर्किटेक्ट म्हणाला.

"मी असेपर्यंत निदान पाया खणलेला बघायला मिळू दे," ग्रंथपाल म्हणाले. आयुष्याकडून त्यांचं आता एवढंच मागणं होतं.

एवढं बोलून ते जेवायला गेले आणि तिथेच घात झाला. उंबरठ्याच्या आत आलेली वस्तू नोंदीशिवाय राहता कामा नये, हा पहिला धडा त्यांनीच सहायक बाईंना दिला होता. बाईंनी तो इतका मनावर घेतला होता, की एकदा एका वाचकाच्या विसरलेल्या डब्यालाही दाखल क्रमांक मिळाला होता. त्यांनी मॉडेलच्या गच्चीवर ग्रंथालयाचा गोल शिक्का मारला, त्यात दाखल क्रमांक घातला आणि वहीत लिहिलं: 'नवीन ग्रंथालय इमारत. नग एक. स्थिती उत्तम.' अशी दुसरी प्रत कुठेच मिळणार नाही म्हणून ते संदर्भ विभागात ठेवलं. महिनाअखेर होती, म्हणून पालिकेकडे जायच्या तक्त्यातही नोंद गेली. जेवून आलेल्या ग्रंथपालांनी खिडक्यांकडे बघत बघत त्या तक्त्यावर सही केली.

गुरुवारी सकाळी आर्किटेक्ट मॉडेल न्यायला आला. बाई दारात उभ्या राहिल्या.

"संदर्भ विभागातलं बाहेर जात नाही."

"अहो, मी बनवलंय ते!"

"पुस्तकंसुद्धा कुणीतरी लिहिलेलीच असतात. लेखक येऊन उचलून नेतात का?"

ग्रंथपाल धावत आले. "बाई, ती नोंद खोडा."

बाईंनी वही त्यांच्यापुढे ठेवली. पहिल्याच पानावर खुद्द त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'या वहीत खाडाखोड होणार नाही.' खाली दोन रेघा होत्या. ग्रंथपालांनी पेनाचं टोपण परत लावलं.

"बरं, देवघेव विभागात टाका. एवढं तर माझ्या अधिकारात आहे."

"टाकलं. कोणाच्या कार्डावर देऊ? कर्मचाऱ्यांना चालत नाही. हे साहेब गावाबाहेरचे."

कोपऱ्यात पेपरवाले काका बसले होते. रोज सकाळी येऊन निविदांच्या जाहिरातींसकट अख्खा पेपर वाचणारे तेवढे एकच सभासद हजर होते.

"काका, कार्ड आहे ना?" ग्रंथपालांनी विचारलं.

"आहे. पण हल्ली डोळ्यांमुळे मोठं काही घेत नाही."

"वाचायचं नाहीये हो, धरायचंय!"

घेतलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, असाही नियम होता. तेव्हा भर बाजारातून काका मॉडेल धरून पुढे, आणि ग्रंथपाल व आर्किटेक्ट रिकाम्या हातांनी मागे, अशी वरात निघाली. काका दर दहा पावलांवर दम खात होते. ते पालिकेत पोचले तेव्हा सभेत विषय निघालेलाच होता.

"या ग्रंथालयाला नवीन इमारत मिळालेली आहे," हेडक्लार्क तक्ता वाचत होते. "नग एक. स्थिती उत्तम. खाली ग्रंथपालांची सही."

"साहेब, ती इमारत ही!" ग्रंथपालांनी काकांच्या हातांकडे बोट दाखवलं.

हेडक्लार्क उठून आले आणि गच्चीवरचा क्रमांक तक्त्याशी ताडून पाहिला. "बरोबर. जुळतोय."

"पण ती पुठ्ठ्याची आहे!"

"इमारत कशाची, याला तक्त्यात रकाना नाही. मूळ नोंद खोडून आणा, मी विषय शेवटी घेतो."

ग्रंथपाल या वयात बाजारातून पळत गेले. वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं. बाईंनी तोंड फिरवलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्या वहीत एक आडवी रेघ पडली. आपलंच कुणीतरी गेल्यासारखं ग्रंथपालांना वाटलं. वही छातीशी धरून ते परत धावले.

हेडक्लार्कांनी पान उजेडात धरलं.

"ही तर खाडाखोड आहे," ते म्हणाले. "खाडाखोड केलेली नोंद ग्राह्य धरता येत नाही." आणि विषय निकाली निघाला.

आठवड्याने नोटीस आली. ग्रंथालयाला नवी इमारत मिळालेली असल्याने तळघर महिनाअखेर रिकामं करावं, तिथे पार्किंग होईल. पुस्तकं तूर्त गोदामात न्यावीत.

काकांनी सातव्या दिवशी, मुदतीत, मॉडेल परत केलं. "खिडक्या छान आहेत," ते म्हणाले, "पण बसायला काहीच नव्हतं." तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी त्यांनी आगकाड्यांचं एक बाकडं करून चिकटवलं होतं.

शेवटच्या दिवशी सत्कार वगैरे झाला नाही, कारण खुर्च्या ट्रकमध्ये चढल्या होत्या. पाच वाजता ग्रंथपाल निवृत्त झाले. पाच वाजून पाच मिनिटांनी त्यांनी सभासदत्वाचा अर्ज भरला आणि कार्ड बाईंपुढे ठेवलं.

"कोणतं देऊ, सर?"

त्यांनी मॉडेलकडे बोट दाखवलं. "घरी खिडकीत ठेवीन म्हणतो."

बाईंनी क्रमांक लिहिला, सही घेतली. परतीच्या तारखेचा शिक्का उचलून त्यांनी एकवार भोवताली पाहिलं. कपाटं गेली होती. भिंतींवर त्यांचे ओले चौकोन तेवढे उरले होते.

"सांभाळून न्या, सर," त्या म्हणाल्या आणि शिक्का खाली ठेवला. नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी एक रकाना कोरा सोडला होता.